गोव्याच्या सहलीत ऑगस्टिनच्या मनोऱ्यालाही वेळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा आला की सातारा जिल्ह्यातून शाळांच्या आणि खासगी सहली गोव्याला निघतात. जुने गोवे यादीत असतेच. पण बॉम जीझस चर्चमध्ये सेंट झेवियरची शवपेटी पाहायची, समोरच्या से कॅथेड्रलपुढे फोटो काढायचे आणि तासाभरात मंगेशी गाठायची, असा बहुतेकांचा खाक्या. बॉम जीझसपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या मठाचे अवशेष आहेत, ते राहूनच जातात. सहल आखणाऱ्यांनी त्यासाठी आणखी तासभर काढावा.

ऑगस्टिनियन पंथाचे साधू 1572 मध्ये गोव्यात आले आणि त्यांच्या मठाचे हे चर्च 1602 मध्ये पुरे झाले. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने मठ बंद केले. साधू गेले, इमारतीची डागडुजी करायला कोणी राहिले नाही. बांधकाम सगळे जांभ्याचे. हा दगड आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको: खाणीतून काढताना मऊ, वारा लागला की कठीण, पण अंगभर छिद्रे. गिलावा सुटला की तो पाणी पितो. महाबळेश्वरला पावसाळ्याआधी भिंतींना गवताच्या झडपा बांधतात, तशी काळजी इथे दरवर्षी घ्यावी लागते. ती थांबली आणि 1842 मध्ये छताची कमान कोसळली. 1931 मध्ये दर्शनी भिंत गेली आणि 46 मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा भागही तिच्याबरोबर गेला. आज दिसतो तो उरलेला अर्धा. त्याची घंटा मात्र वाचली. 1871 पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे, पायऱ्यांचे पांढरे चर्च म्हणतात तेच.

आत शिरल्यावर आधी पायाखाली पाहा. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवल्या आहेत आणि त्यांवर घराण्यांची चिन्हे व पोर्तुगीज लेख कोरलेले आहेत. मुलांना त्यांवरून धावू देऊ नये. भिंतींवर कुठे कुठे रंगीत फरश्यांचे तुकडे अजून चिकटून आहेत, त्यांवरून मूळच्या वैभवाचा अंदाज येतो. जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये इराणात शाह अब्बासच्या हुकमाने ठार मारले. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन साधूंनी इथे आणला होता. पुरातत्त्व खात्याला 2004 च्या उत्खननात हाड सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्याची डीएनए तपासणी झाली आणि 2021 मध्ये भारत सरकारने ते अवशेष जॉर्जियाला दिले. इतिहासाच्या शिक्षकांनी हे मुलांना तिथेच उभे राहून सांगावे.

टेकडीवर सावली नाही, डोक्यावर छप्पर नाही, म्हणून सकाळी पहिल्यांदा इथेच यावे. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते, ज्येष्ठांनी जपून चालावे. नंतर बॉम जीझसला गेलात तर तिथला उघडा लाल दगड वेगळ्या नजरेने पाहाल: त्याचा गिलावा विसाव्या शतकात काढला, आणि पावसाने होणारी झीज ही तिथली आजची खरी चिंता आहे. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, त्या वेळी घोळका घेऊन आत जाऊ नये. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत. से कॅथेड्रलशेजारचे पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेव्हा सहलीचा वार ठरवताना तेवढे पाहावे.

आपला,
एक वाचक, सातारा