मुक्ताला, लग्नाआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या सासूबाईंचा फोन होता. लग्नात ताटातल्या तांदळात ‘मृण्मयी’ लिहायचं ठरलंय, तुलाही पसंत आहे म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पण खरंच पसंत आहे, की चारचौघांत तुला नाही म्हणवलं नाही?

बारशाला आत्याने तुझ्या कानात मुक्ता म्हटलं, तेव्हा बायकांत कुजबुज झाली होती, की हे काय जुनं नाव! घरोघरी पूजा, प्रियांका, स्नेहल होत्या ना. आजोबा तेवढे खूश. मुक्ताईच्या पालखीबरोबर कोथळीहून पंढरपूरला चालत जाणारा माणूस तो! आपल्या तापीकाठी मुक्ताई घरचीच. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्यामुळेच. ताटी लावून बसलेल्या ज्ञानोबांना या धाकट्या बहिणीने समजावलं, चांगदेवांसारख्या योग्याने तिला गुरू केलं. 1297 साली मेहूणला वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, हे आजोबांनी सांगितल्यापासून तू वीज चमकली की त्यांचं धोतर मुठीत धरून बसायचीस.

शाळेत तुला दुसरी मुक्ता भेटली, मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची पोर. तिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. वक्तृत्व स्पर्धेत तू तिच्यावर बोललीस, तेव्हा मागच्या बाकावर मला रडू आवरेना. तीच माझी मुलगी सासूबाईंपुढे गप्प बसली असेल का?

मला तर कुणी विचारलंच नव्हतं. बोहल्यावर चढले तेव्हा शैला होते, उतरले तेव्हा वैशाली. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. पेन्शनच्या वेळी दोन्ही बाया मीच, हे सांगायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. म्हणून सांगते, पहिल्या दिवसापासून आपलं म्हणणं गोड शब्दांत पण स्पष्ट सांगायची सवय ठेव, मागाहून कुणी ऐकत नाही...

बघ, उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले होते. राग मानू नकोस. सासूबाई मनाने चांगल्या आहेत, मलाही आवडतात.

मृण्मयी तुला मनापासून हवं असेल, तर ताटातले तांदूळ मीच निवडून देईन. नको असेल तर रविवारच्या आत जावईबापूंशी बोल, अंगठी त्यांच्याच हातात असणार आहे. आणि काहीही ठरलं तरी पासपोर्ट आणि आधारवरचं नाव बदलायची घाई करू नकोस.

तुझी,
आई