सिप्पीघाटच्या दादांना आभारपत्र

माननीय दादा,
सप्रेम नमस्कार.

या पत्राचा हिंदी मजकूर आपल्या मुलीच्या मोबाइलवर आधीच पाठवला आहे. ती आपल्याला तो वाचून दाखवीलच. तरीही मराठी वाचकांसमोर आपले आभार मानावेत असे वाटले, कारण आम्ही महाराष्ट्रातून अंदमानला येणारी मंडळी सेल्युलर जेलमध्ये नतमस्तक होतो, हॅवलॉकच्या वाळूत छायाचित्रे काढतो आणि परततो. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजय पुरमहून, वंडूरकडे जाताना सिप्पीघाटला लागणारे उथळ पाणी पाहण्यासाठी आमच्यापैकी क्वचितच कोणी गाडी थांबवतो.

त्या पाण्याखाली आपली भातखाचरे आहेत, हे आपण सांगितले नसते तर मलाही ते एक देखणे तळेच वाटले असते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९४९ पासून अंदमानात जमिनी मिळू लागल्या. आपल्या आजोबांनी जंगल तोडून तयार केलेले शेत त्यांपैकीच एक. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात अंदमानची भूमी जणू एका बाजूला कलली: उत्तरेकडचा किनारा वर उचलला गेला आणि तिथले प्रवाळ उघडे पडून मेले, तर दक्षिणेकडची जमीन सुमारे एक मीटर खचली. त्सुनामीची लाट ओसरली. पण जमीनच खाली गेल्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक भरतीचे खारे पाणी खाचरांत शिरत राहिले. हे सारे आपण बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर उभे राहून, वाळलेल्या माडांच्या खोडांकडे बोट दाखवत, एखाद्या शेजाऱ्याची हकिकत सांगावी तितक्या शांतपणे सांगितलेत. आता तिथे पक्षी आले, हे छानच झाले, असे मी म्हणताच आपण दिलेले उत्तर मी जपून ठेवले आहे: “पक्षी आले हे खरे, शेत गेले हेही खरे, एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.” निसर्गाविषयी इतके प्रामाणिक बोलणारा वाटाड्या मला अन्यत्र भेटलेला नाही.

आणि पक्षी तरी किती! जांभळ्या पाणकोंबड्या, बगळे, शिट्टी घालणारी अडई बदके, आणि ज्यांच्यासाठी मी मुख्यतः आले होते ती अंदमानी बदके, डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेली, जवळपास याच द्वीपसमूहापुरती मर्यादित. ती पाण्यातल्या एका ओंडक्यावर ओळीने बसली होती. मला आणखी जवळ जायचे होते. आपण हात आडवा धरलात, आणि आम्ही आहोत तिथेच बसलो. काही वेळाने बदके स्वतःच चरत आमच्या बाजूला सरकली.

चिडिया टापूच्या जंगलातही तोच शिरस्ता. (तिथे हिवाळ्यात साडेपाचलाच अंधार पडू लागतो; घड्याळ मात्र मुंबईचेच.) दुसऱ्या एका गटाचा मार्गदर्शक मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवत होता. आपण ते केले नाहीत, आणि मी आग्रह धरला तेव्हा कारणही समजावलेत: तो आवाज ऐकून पक्ष्याला आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी घुसल्यासारखे वाटते आणि तो खाणे, पिले सोडून त्याला हुसकावायला धावतो. घुबड त्या संध्याकाळी दिसले नाही. मला वाईट वाटले, हे लपवत नाही. पण आपले चुकले असे एकदाही वाटले नाही. परतीच्या वाटेवर चितळांचा कळप दिसला आणि मी हरखले, तेव्हा ती इंग्रजांनी आणून सोडलेली आहेत, इथे त्यांना खाणारा वाघ-बिबट्या नाही आणि ती कोवळी रोपे फस्त करत असल्याने जंगलाची नवी पिढीच उभी राहत नाही, हेही आपणच सांगितलेत. कोकणातल्या किंवा ताडोबाच्या सवयीने पाहणाऱ्या माझ्यासारखीला हे उमजणे अवघड होते.

आपण मानधनाच्या पाकिटातून जास्तीचे पैसे परत केलेत, म्हणून त्या रकमेची पक्ष्यांची दोन सचित्र हिंदी पुस्तके आपल्या मुलीच्या शाळेच्या पत्त्यावर टपालाने धाडली आहेत. पुढील हिवाळ्यात आमच्या पुण्याच्या गटातील काही जण येणार आहेत. त्यांना आपला क्रमांक दिला आहे, आणि घुबडाचा आग्रह धरू नये अशी ताकीदही.

आपली ऋणी,
पुण्याची एक पक्षीनिरीक्षक