अभ्यासिकेतल्या बाईंना पत्र

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

निकाल लागून बरेच दिवस झाले, तरी तुमचा विषय निघाला की अजून माझा गळा दाटून येतो. समोर येऊन बोलणं जमणार नाही, म्हणून लिहितेय.

ज्या क्लासने दहावीची अख्खी फी आगाऊ घेतली, त्यांनी सहामाहीचे मार्क बघून माझ्या लेकाला मागच्या बॅचमध्ये टाकलं. वर सल्ला काय, तर नोट्स पाच वेळा वाच. पोरगं मध्यरात्रीपर्यंत वाचत बसायचं. भूगोलाचं पुस्तक हायलायटरने पिवळंधमक झालं होतं आणि पेपरात पाटी कोरी. कुठे अडतंय, हे तिथे एकानेही त्याला विचारलं नाही. त्याचा राग मला आजही आहे.

तुम्ही पहिल्याच संध्याकाळी पुस्तक मिटायला लावलंत आणि पाठकोरा कागद पुढे केलात. ब्राझीलबद्दल आठवेल ते लिही, म्हणालात. ॲमेझॉन, फुटबॉल, कॉफी. पुढे काही सुचेना, तेव्हा शरमेने त्याने कागद चुरगळला. बाई, तुम्ही तो बोळा उचललात, टेबलावर तळहाताने सपाट केलात, कोपऱ्यात तारीख घातलीत. "टाकू नकोस. तुझं पक्कं काय आहे, ते यावर दिसतंय." वर्षभर ज्याला फक्त काय येत नाही तेच ऐकवलं गेलं, त्याला हे वाक्य केवढं वाटलं असेल! मग पुस्तक उघडून गाळलेलं सगळं त्याने हिरव्या पेनाने भरलं: गियाना उच्चभूमी, अजस्र कडा, अवर्षण चतुष्कोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. हिरवं कमी होत गेलं.

वाचलेलं ओळखीचं वाटणं आणि न बघता आठवणं यांत फरक असतो, हे तुम्ही मलाही समजावलंत. विसरण्याचा वेग एबिंगहॉस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून मोजला होता, हे तुमच्याकडूनच कळलं. मग लाखाच्या घरात फी घेणाऱ्यांना हे ठाऊक नसावं? गणितातही एकाच सरावसंचाला चिकटून न राहता प्रकरणाच्या शेवटी असलेल्या संकीर्ण प्रश्नसंग्रहातली उदाहरणं उलटसुलट सोडवायला लावलीत, आणि 40 गुणांचा पेपर घड्याळ लावून दोन तासांत.

आणि हे सगळं एक पैसा न घेता. तुमच्यासारखी माणसं गावोगावच्या अभ्यासिकांत गुपचूप बसलेली असतात, कुणाच्या तरी पोराची वही तपासत. त्यांचे फलक लागत नाहीत, पण कितीतरी घरं त्यांच्या ऋणात आहेत.

पेढे तुम्ही परत पाठवलेत. आता ऑफिसातले पाठकोरे कागद जमवून दोन गठ्ठे बांधलेत. रविवारी लेक घेऊन येईल, ते मात्र ठेवून घ्या. नववीच्या मुलांना शिकवायला कुणी हवं असेल तर तेही त्याला सांगा, तो तयार आहे.

तुमची,
एका विद्यार्थ्याची आई