कोयनेच्या बुडीत गावांची नावे शोधून देणाऱ्या आबांना

आदरणीय आबा,
सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचे नाव येऊ नये ही तुमची अट मी पाळली आहे. पण पत्र उघडपणे लिहिण्यास तुम्ही हरकत घेऊ नये, ही विनंती. तुम्ही केलेले काम एका घरासाठी नव्हते, आणि ज्यांच्यासाठी होते ती घरे आज सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. भूमी अभिलेखाच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एका माणसाने कोयनेच्या विस्थापितांना काय दिले, हे त्या सगळ्यांना कळायला हवे. इतर धरणांत गेलेल्या गावांनाही कळायला हवे, कारण त्यांची अडचण आमच्याहून वेगळी नाही.

कोयनेचे धरण 1964 साली पूर्ण झाले. धरणाचा शिवसागर जलाशय भरला, पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजगृहाकडे वळले आणि आज या प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता 1960 मेगावॅट आहे. महाराष्ट्र उजळला हे खरे आहे आणि त्याचा आम्हाला अभिमानही आहे. पण ज्यांनी घरे, शेते आणि देवळे सोडली, ती माणसे उठली तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. पहिला कायदा 1976 साली आला, तोवर आमच्या आजोबांची पिढी कुठे ना कुठे पांगून गेली होती. काही कुटुंबे पाण्याच्या काठाने डोंगरावर सरकली, तर 1985 साली त्याच डोंगरावर अभयारण्य जाहीर झाले. ज्यांच्या जमिनीवर पाणी साठले त्यांच्यातल्या कित्येकांच्या वस्तीत वीज पोहोचायला दशके लागली, आणि औषधपाण्यासाठीही लाँचची वाट पाहावी लागली. हे सारे तुम्हाला ठाऊक आहे. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे.

2018 साली डॉ. भारत पाटणकर आणि त्यांची संघटना श्रमिक मुक्ती दल यांच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला ठिय्या आंदोलन झाले, तेव्हा ऐंशीच्या घरातली माणसे आणि कडेवर पोरे घेतलेल्या बाया एकाच मांडवात बसल्या होत्या. उन्हाचे दिवस होते. आपापल्या गावचे पीठ-मीठ घेऊन लोक आले होते, आणि उठायचे नाही हे ठरवूनच आले होते. 1921 साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर ‘जान किंवा जमीन’ म्हणत धरणाविरुद्ध जो लढा दिला, त्याची आठवण तिथल्या भाषणांत निघाली. आमच्याकडे निर्धार होता, घोषणा होत्या, माणसे होती. नव्हते ते एवढेच, की आम्ही कोण हे सांगणारा कागद. मागणी कोणतीही असो, पर्यायी जमिनीची, गावठाणातल्या सोयींची की नोकरीसाठी लागणाऱ्या प्रकल्पग्रस्त दाखल्याची, चर्चा फिरून एकाच प्रश्नावर येई: खातेदार किती, त्यांचे वारस कोण, पुरावा काय? संकलन रजिस्टर, म्हणजे विस्थापित खातेदार आणि त्यांच्या वारसांची नोंदवही, पूर्ण झाल्याशिवाय पुढचे पाऊल पडणार नाही, असे सांगितले जाई. आणि ज्यांचे गावच नकाशावर उरले नाही, त्यांनी ते पूर्ण कसे करायचे, हे मात्र कोणी सांगत नसे.

तुम्ही आमच्यात आलात ते या टप्प्यावर. व्यासपीठाकडे न जाता तुम्ही मांडवाच्या कडेला चटई टाकून बसलात आणि समोरच्या म्हातारीला विचारलेत, ‘तुमच्या सासऱ्यांच्या शेजारी कोणाचे शेत होते?’ आम्हाला सर्व्हे नंबर माहीत नव्हते, आणि तोवर सगळे तेच विचारत होते. तुम्ही बांधाला बांध लावून, ओढा कुठे, देवराई कुठे, पाणवठा कोणत्या अंगाला, असे विचारत जुन्या गावनकाशावर बोट ठेवत गेलात. गट क्रमांक ही पुढची व्यवस्था आहे, बुडालेली गावे सर्व्हे नंबर आणि हिस्सा यांवरच शोधावी लागतात, हे आम्हाला पहिल्यांदा तुमच्याकडून कळले. 1960 पूर्वी हा जिल्हा उत्तर सातारा या नावाने ओळखला जात असे, म्हणून जुने दप्तर मागताना त्या नावाचाही उल्लेख करा, हे सांगणारेही तुम्हीच. बाहेरच्याला ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण अशाच किरकोळ गोष्टी माहीत नसल्यामुळे दोन पिढ्या रिकाम्या हाताने परतल्या होत्या.

एका कार्यालयात आमच्या अर्जावर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे तोंडी सांगून मुलांना परत पाठवत असत. तेच उत्तर लेखी द्यावे असा अर्ज करा, आणि माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली दप्तराची प्रत्यक्ष पाहणी मागा, असा सल्ला तुम्ही दिलात. पाहणीची परवानगी मिळाली त्या दिवशी तुम्ही स्वतः आलात. धुळीने खोकला येत असतानाही मोडीतले जुने कागद वाचून दाखवत राहिलात आणि आमच्यातल्या दोन मुलींना ती अक्षरे ओळखायला शिकवलेत. भूसंपादनाचा निवाडा, क्षेत्रातला बदल दाखवणारे कमी-जास्त पत्रक, फेरफार, जुना सातबारा हे कागद एकमेकांशी कसे जोडायचे, कोणत्या कागदातले क्षेत्र कोणत्या कागदात का कमी दिसते, हे तुम्ही इतक्या धीराने समजावलेत की पुढे ही मुले अधिकाऱ्यांसमोर स्वतःच बोलू लागली. कागद तुम्ही शोधलेतच, पण शोधण्याची रीत आमच्या हाती दिलीत, आणि माझ्या मते या मदतीतला सर्वांत मोठा भाग तोच आहे.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानणे मला फार आवश्यक वाटते, कारण तिथे आमच्यातल्याच काही जाणत्यांचा विरोध होता. यादी लवकर पूर्ण व्हावी म्हणून आधी फक्त खातेदारांची नावे घ्यावीत, बाकीच्यांचे पुढे बघू, असा विचार पुढे आला होता. तुम्ही तो मान्य केला नाहीत. ज्याचे नाव खात्याला नाही त्याचेही घर बुडाले आहे, हे तुम्ही बैठकीत शांतपणे सांगितलेत, आणि पुन्हा कागदांकडे वळलात. कुळकायद्याप्रमाणे 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाला कसणाऱ्या कुळांचा मालकीहक्क मानला गेला. आमच्या खोऱ्यात भूसंपादनाची घाई त्याच सुमाराची. तेव्हा पीकपाहणीत कसणारा म्हणून कोणाचे नाव आहे, सातबाऱ्यातल्या ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे, हे एकेक उतारा घेऊन पाहिल्याशिवाय कोणालाही वगळायचे नाही, असा नियम तुम्ही घालून दिलात. ज्या गवळी-धनगर वाड्यांकडे शेतीचा एकही उतारा नव्हता, त्यांच्यासाठी कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेच्या जनरल रजिस्टरातले जन्मगाव यांचा आधार घ्यायचे तुम्हीच सुचवलेत. आज त्या घरांची नावे आमच्या यादीत आहेत.

बायकांच्या बाबतीतही तुम्ही तसेच वागलात. वारस नोंदीत मुलगे लिहायचे आणि मुलींसाठी ‘लग्न होऊन गेल्या’ एवढेच म्हणायचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वारस आहे, तिने हक्क सोडायचा असेल तर तो तिने स्वतः, समजून-उमजून सोडावा, आपण तिच्या वतीने सोडू नये, असे तुम्ही प्रत्येक घरात सांगितलेत. माझ्या आत्याचे नाव त्यामुळे आमच्या कुटुंबाच्या वंशावळीत आले. ती ठिय्यात पहिल्यापासून बसलेली होती, सगळ्यांसाठी भाकरी थापत होती, आणि ज्या जमिनीसाठी ती बसली होती त्या जमिनीच्या एकाही कागदावर तोवर तिचे नाव नव्हते. यादी वाचली जात असताना स्वतःचे नाव ऐकून ती काहीच बोलली नाही, फक्त पुन्हा एकदा वाचायला सांगितले. आबा, आंदोलनातल्या बायकांचे कौतुक व्यासपीठावरून सगळेच करतात. त्यांचे नाव नोंदीत आलेच पाहिजे म्हणून हट्ट धरणारे तुमच्यासारखे मला फार थोडे भेटले.

पैशाबद्दल लिहिले नाही तर पत्र अपुरे राहील. विस्थापितांच्या कागदांभोवती दलालांचा बाजार कसा भरतो, हे धरणग्रस्तांच्या प्रत्येक वसाहतीला माहीत आहे. दाखला काढून देतो, जमीन मंजूर करून आणतो, असे म्हणत गरिबांच्या फायली उचलल्या जातात आणि मिळणाऱ्या जमिनीत वाटा मागितला जातो. तुम्ही एसटीचे भाडेसुद्धा घेतले नाहीत. उलट नकलांची फी ज्यांना परवडत नव्हती त्यांची पावती गुपचूप तुम्ही फाडलीत, हे आम्हाला नंतर समजले. काकूंनी सुट्टीच्या दिवशीही तुमच्या ओसरीवर आलेल्या अनोळखी माणसांना चहा आणि जेवण दिले. त्यांचेही आभार मानायचे आहेत, आणि ते मनापासूनचे आहेत.

लढा संपलेला नाही, हे तुम्हाला सांगायला नको. कित्येक कुटुंबांना जमीन मिळायची आहे, ज्यांना मिळाली त्यांच्यातल्या काहींची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आहे, आणि बाहेरच्या जिल्ह्यांत गेलेल्या घरांची छाननी अपुरी आहे. तरीही आता बैठकीत ‘पुरावा काय?’ असा प्रश्न आला की आमच्यातले कोणी मान खाली घालत नाही. गावनिहाय बांधलेल्या फायली टेबलावर ठेवल्या जातात. त्यांत निवाड्याच्या नकला आहेत, वंशावळी आहेत, आणि प्रत्येक नावासमोर कोणता आधार घेतला हे तुमच्या सवयीप्रमाणे समासात लिहिलेले आहे.

रायगड आणि ठाण्याकडच्या कुटुंबांचे काम आता आमची मुले-मुली हाती घेत आहेत. त्यांनी तयार केलेली पहिली फाईल तपासायला तुमच्याकडे पाठवते आहे. दृष्टीला त्रास होतो आहे असे काकू म्हणाल्या, म्हणून फाईलबरोबर मोडी शिकलेल्या दोघींपैकी एक जण येईल आणि वाचून दाखवेल. चुका दिसल्या तर पूर्वीसारख्याच लाल शाईने दाखवा आणि तिला सर्वांसमोर विचारा. तिला त्याची सवय व्हावी अशी आमची इच्छा आहे.

कृतज्ञ,
कोयना खोऱ्यातून उठलेल्या एका घरची नात