जोडवर्गासाठी आवाहन: टीव्हीइतकेच अर्थिंग, माइक आणि बॅटरीला हातभार लावा

समस्त ग्रामस्थ, माजी विद्यार्थी आणि गोवा, पुणे, मुंबईत कामाला असलेल्या आपल्या माणसांना सप्रेम नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या आपल्या सरकारी मराठी शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी जोडवर्ग उभा करायचे एसडीएमसीने, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीने, ठरवले आहे. पडदा, कॅमेरा आणि माइक लावून आपला वर्ग दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या भाषेच्या, पुढे दुसऱ्या देशाच्या वर्गाला जोडायचा आणि दोन्हीकडच्या मुलांनी मिळून एकच काम करायचे, अशी ही योजना आहे. एकूण खर्च १,५०,००० रुपये. तो कशावर होणार आणि का, हे सविस्तर सांगतो, कारण शाळेला टीव्ही देणारे बरेच असतात, पण अर्थिंगला आणि इंटरनेटच्या बिलाला पैसे देणारे फार थोडे. अशा वर्गांचे घोडे अडते ते नेमके तिथेच.

पहिली जोडणी परदेशाशी करायची नाही. ती मलप्रभेच्या काठाने करायची. नदी आपल्या तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाच्या धरणात अडते आणि बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेला मिळते. उगमाकडे आपला मराठी वर्ग, मध्ये सौंदत्तीकडचा आणि खाली संगमाकडचा कन्नड वर्ग, असे तीन वर्ग एका तक्त्यावर काम करतील. दर सोमवारी प्रत्येक शाळेने आठवड्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये, शेतात काय चालले आहे ते एका ओळीत आणि त्या दिवशीच्या डब्यातला एक पदार्थ लिहायचा. आपल्याकडे भातलावणी चिखलात चालू असते, तेव्हा खालच्या अंगाला लोक ढगाकडे डोळे लावून बसलेले असतात. एकाच नदीकाठच्या माणसांचे खाणे, घरे आणि सण वेगळे का, हे मुलांना त्या आकड्यांतून उमगते. पर्जन्यमापक सरळ अंगाच्या बाटलीचा करता येतो. निमुळती बाटली घेतली की मोजमाप चुकते.

आपली मुले कन्नड विषय शिकतात, पण बोलायला समोर कोणी नसल्याने तो वहीत राहतो. अक्का, अण्णा, तूप आणि तुप्प, खिडकी आणि किटकी अशा शब्दांचा फलक दोन्ही वर्गांनी मिळून भरला की भाषा परकी वाटत नाही. आणखी एक सोय फारशी कोणाला ठाऊक नसते. संगणकावर इन्स्क्रिप्ट कळफलक निवडला तर भारतीय लिप्यांची अक्षरे त्याच त्या बटणांवर येतात. ज्या बटणावर मराठीचा ‘क’, त्याच बटणावर लिपी बदलली की कन्नडचा ‘क’. एकदा बोटे बसली की दोन्ही भाषांत लिहिता येते. यंत्राच्या भाषांतरावर मात्र वर्ग सोडायचा नाही. भाकरीचा पाव झाला तर समोरच्या मुलाच्या डोळ्यांपुढे पावच येतो. दोन्ही भाषा जाणणारे मोठे माणूस शेजारी हवेच.

दुसऱ्या वर्षी मॉरिशस. तिथे एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आहेत, शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. वेळही जुळते: तिथले सकाळचे १० म्हणजे आपले ११:३०. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे आपली शाळा भरते तेव्हा तिथे दुपारचे दीड वाजलेले असतात. इंग्लंडमध्ये सकाळी ९ ला शाळा भरते तेव्हा आपले दुपारचे दीड किंवा अडीच वाजलेले असतात, म्हणून तिकडच्या वर्गांशी फक्त दुपारच्या तासिकांत थेट बोलता येईल, एरवी ध्वनिमुद्रित निरोपांची देवाणघेवाण करावी लागेल.

आता सामान. ३० मुलांच्या वर्गाला प्रोजेक्टर नको. मंगळुरी कौलांतून आणि झरोक्यांतून उजेड येतो, त्यात चित्र पांढरे पडते. खिडक्या बंद केल्या तर मुले उकडतात. ५५ इंची टीव्ही पंधरा फुटांवरून नीट दिसतो. समोरच्या भिंतीवरच्या पडद्यापाशी कॅमेरा आणि मुलांच्या पाठीमागे खिडकी अशी मांडणी झाली तर पलीकडे फक्त काळ्या आकृत्या दिसतात, म्हणून उजेड बाजूने येईल अशी खोली निवडली आहे. कॅमेऱ्याची साधी यूएसबी तार ५ मीटरपेक्षा लांब चालत नाही.

चित्र थोडे अडखळले तर चालते. आवाज गेला की वर्गच संपतो. उघड्या भिंती आणि फरशीवर आवाज घुमतो, त्यात टीव्हीचाच आवाज माइकमध्ये परत शिरतो. उपाय दोन: प्रतिध्वनी गाळणारा, माइक आणि स्पीकर एकत्र असलेला संच, आणि मागच्या व बाजूच्या भिंतीवर जाड कापड. घरात जुन्या वाकळा किंवा सतरंज्या असतील तर धुऊन आणून द्या, आठ लागतील. बोलणाऱ्या मुलाने माइकपासून तीन-चार फुटांच्या आत यायचे. जून ते सप्टेंबरात कौलांवर पाऊस कोसळत असताना थेट बोलणे जमणार नाही. ते महिने तक्ता, चित्रे आणि ध्वनिमुद्रित आवाजाचे.

वीज हा कळीचा भाग. सगळे सामान मिळून सुमारे २०० वॅट खाते. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी निम्मीच वापरली आणि इन्व्हर्टरमधली घट धरली तरी साडेतीन तास निघतात. इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर ठेवायचा, नाहीतर वीज जाताना संगणक पुन्हा सुरू होतो. बॅटरीचे पाणी दर तीन महिन्यांनी बघायचे. ती चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून तिची जागा वाऱ्याच्या व्हरांड्यात, बंद कपाटात नाही. अर्थिंग मे महिन्यात, जमीन कोरडी असताना मोजून ५ ओहमच्या आत आणायचे. पावसाळ्यात मोजलेला आकडा फसवा असतो. एवढे करूनही वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की वीज आणि इंटरनेट दोन्हीच्या पिना काढायच्या. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेच्या दाबाचा अचानक झटका अडवणारे उपकरण, जवळ पडलेली वीज पेलत नाही.

व्हिडिओ कॉलला जाता-येता किमान २ एमबीपीएस स्थिर वेग हवा आणि तासाला सुमारे एक ते दीड जीबी डेटा जातो. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत बंद होते, म्हणजे एक तासिका. इंटरनेट नसेल त्या दिवशी किविक्समध्ये (इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचे मोफत अॅप) उतरवलेला मराठी आणि कन्नड विकिपीडिया उघडता येईल. फोटो, तक्ते आणि हे सगळे संगणकाच्या एसएसडीवर (आतल्या साठवण-ड्राइव्हवर) राहील, मेमरी कार्डावर नाही. वीज अचानक गेली की कार्ड बिघडतात. पृथ्वीगोल मात्र खरेच दोन घ्यायचे. पडद्यावरच्या सपाट नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. जग कसे दिसते आणि कसे आहे, यातला फरक मुलांना हाताने फिरवून कळू दे.

हिशेब असा. टीव्ही ४२,०००, संगणक २८,०००, माइक-स्पीकर १०,०००, कॅमेरा ४,०००, इन्व्हर्टर आणि बॅटरी २४,०००, अर्थिंग, वायरिंग, सर्ज प्रोटेक्टर ११,०००, कुलपाचे जाळीदार कपाट ६,०००, पृथ्वीगोल आणि नकाशे ३,०००, महिना ६०० प्रमाणे दोन वर्षांचे इंटरनेट १४,४००, बॅटरीचे पाणी व दुरुस्ती ७,६००. हे अंदाज आहेत. खरेदीपूर्वी तीन दुकानांची दरपत्रके घेऊन ती फलकावर लावू. एखाद्याने एका महिन्याचे ६०० दिले तरी तो एक महिना त्यांच्यामुळे चालेल.

जुना लॅपटॉप द्यायचा असेल तर किमान ८ जीबी रॅम आणि चालू चार्जर असलेलाच द्यावा. नादुरुस्त टीव्ही, प्रोजेक्टर, मोठ्या डब्याचे मॉनिटर घेणार नाही. त्यांची विल्हेवाट लावणे शाळेच्या डोक्यावर बसते.

पैशापेक्षा दुर्मीळ गोष्ट म्हणजे वेळ. कन्नड आणि मराठी दोन्ही सहज बोलणारी सहा माणसे हवीत, महिन्यातून दोन तासिका. वायरमन एक. आपल्या गावांतून अनेकजण मराठा लाइट इन्फंट्रीत गेले. निवृत्त जवानांनी लडाख, नागालँड, अरुणाचलातली घरे, थंडी, जेवण याबद्दल मुलांशी बोलावे. सेवेतल्या जवानांना आम्ही बोलावणार नाही, ठाण्यांविषयी कोणालाही विचारणार नाही. आखातात कामाला असलेल्यांनीही सुटीवर आल्यावर एक तासिका द्यावी.

वर्गाला स्वागतगीत, हार आणि भाषण नको, ही पाहुण्यांना आधीच विनंती. ४० मिनिटांतली २५ त्यातच जातात आणि मुले गप्प राहतात. प्रत्येक बाजूने रोजच्या वापरातल्या पाच वस्तू आणायच्या, जसे इरले, घोंगडे, विळा, आणि समोरच्यांनी ओळखायचे. नाहीतर ‘ओळखा आम्ही कुठले’: उत्तर फक्त हो किंवा नाही, चार मुले विचारणार, चार नकाशा धरणार, दोघे नोंद करणार, बाकीचे पुढचा प्रश्न ठरवणार. ‘तुमच्याकडे सगळे काय खातात?’ हा प्रश्न टाळायचा. ‘आज तू काय खाल्लेस?’ असे विचारले की खरे उत्तर मिळते.

पालकांची लेखी संमती असल्याशिवाय एकही मूल कॅमेऱ्यापुढे बसणार नाही. पडद्यावर आडनाव, पत्ता नाही, कॉल रेकॉर्ड करायचा नाही, कॉलचे फोटो व्हॉट्सअॅपच्या गटांत जाणार नाहीत. देणगीदारांनाही हाच नियम.

देणगी चेकने किंवा थेट एसडीएमसीच्या बँक खात्यात द्यावी. रोख कोणाच्याही हाती देऊ नये. खात्याचा तपशील आणि पावती मुख्याध्यापकांच्या कार्यालयात शाळेच्या वेळेत मिळेल. अर्थिंग आणि वायरिंग उन्हाळी सुटीतच व्हायला हवे, त्यासाठी लागणारे ११,००० रुपये मार्चअखेर जमले पाहिजेत. वाकळा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणून द्याव्यात.

आपले,
एसडीएमसी आणि माजी विद्यार्थी