विषय : गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवण्याच्या परवानगीबाबत

दि. ६ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली सोसायटी, प्रतापनगर, नागपूर

अध्यक्ष साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या सभेत मी सोलरचा विषय काढला तेव्हा तुम्ही "आधी लेखी द्या" म्हणालात, म्हणून हे पत्र. माझ्या फ्लॅटसाठी २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर गच्चीवर बसवायचा आहे. जागा लागेल सात फूट बाय सात फूट, जिन्याच्या खोलीच्या दक्षिणेला. तिथे मी खडूने चौकट आखून ठेवली आहे.

घरात आम्ही पाच माणसं आणि गिझर एक, पंधरा लिटरचा. सासूबाईंची आंघोळ पहाटे सहाला, मग मुलांची शाळेची घाई. त्यात आपलं बोअरचं पाणी. दोन वर्षांत कॉईल दोनदा बदलली. गेल्या खेपेला इलेक्ट्रिशियनने जुनी कॉईल फरशीवर आपटली, तर चुन्याचे जाड पापुद्रे सुटून पडले; आतली तार बोटाएवढी वाटत होती, निघाली पेन्सिलीएवढी. वीज जाते ती निराळीच. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला साडेतीन युनिट लागतात, रोजचे.

आता गळतीचं. पूर्वी एकांनी सोलर बसवला, कारागिराने थेट स्लॅबमध्ये बोल्ट ठोकले आणि पुढे तीन पावसाळे खालच्या घरात बादल्या लावाव्या लागल्या, हे मीही पाहिलं आहे. तुमची भीती खोटी नाही. म्हणून माझं स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभं राहील, बोल्ट ठोकळ्यात, स्लॅबला एकही भोक नाही. पाणी भरून सगळा भार अडीचशे-तीनशे किलोंच्या घरात जातो, त्यामुळे पाय बीमवर येतील असंच बसवायचं. मे-जूनच्या वावटळीत ठोकळे आणि भरलेली टाकी हेच वजन धरून ठेवतं. आणि ती चौकट बरोबर माझ्या बाथरूमच्या वर आहे. गळलंच तर आधी माझ्या डोक्यावर गळेल.

जागा तीच का, हेही सांगते. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य ४५ अंशांच्याच आसपास चढतो, म्हणजे चार फुटी कठड्याची सावली चार फूट लांब. मोठ्या टाकीची सावली उत्तरेला पडते, तिथे सोलर ठेवला तर ऐन थंडीतच तो बसून राहील. शिवाय याला पंप नसतो. नळ्यांत तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं, गार खाली येतं. त्याला गार पाणी वरून मिळायला हवं, आणि आपली टाकी जिन्याच्या खोलीवर असल्याने ती उंची आयती मिळते.

विक्रेता तांब्याच्या पाइपांचा चपटा पॅनल सुचवत होता. बोअरच्या पाण्याने ते बारीक पाइप क्षाराने बुजतात, म्हणून मी काचेच्या नळ्यांचाच घेणार आहे. वर्षातून एकदा नळ्या काढून धुवायच्या, एवढंच. गार लाइनवर एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) बसवून घेईन, नाहीतर आमचं गरम पाणी उलटं फिरून शेजारच्या नळाला यायचं आणि भांडण माझ्या दारात.

मे महिन्यात मात्र त्याचा उपयोग शून्य. तेव्हा आपली सोसायटीची टाकीच सोलर असते, सकाळच्या आंघोळीचं पाणी रात्री बादलीत भरून ठेवावं लागतं. एप्रिल ते जून नळ्यांवर हिरवी जाळी टाकून ठेवीन. वाळवणाचे दिवसही तेच. कुरडया-पापडांची पूर्वेची बाजू मोकळीच राहते, हे महिला मंडळींना आवर्जून सांगावं.

सभेत कुणीतरी म्हणालं, थांबा, सरकारची सबसिडी येते आहे. ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली सूर्यघर योजना, वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी. पाणी तापवणारा सोलर त्यात बसत नाही. सोसायटीने जिना-पंपाच्या विजेसाठी ते पॅनल जरूर बसवावेत, मी हात वर करीन. गच्चीचा नकाशा काढताना माझे सात फूट त्यात धरा, म्हणजे झालं.

सर्वांसाठी एकच मोठा सोलर करावा, हेही सुचवलं गेलं. मला ते पटत नाही. तळमजल्यापर्यंत चाळीस फूट पाइप गेला की गरम पाणी येईपर्यंत तीन-साडेतीन लिटर गार पाणी मोरीत सोडावं लागतं, दर वेळी. आणि सकाळी कुणी किती बादल्या घेतल्या याचा हिशेब कोण ठेवणार?

सोसायटीकडून एकच सोय हवी. टाकी धुवायच्या आदल्या दिवशी मला सांगावं, आणि काम उन्हं चढायच्या आत उरकावं. रिकाम्या नळ्या उन्हात तापल्या आणि त्यात एकदम गार पाणी शिरलं की काच तडकते. तरीही तडकली तर खर्च माझा. तसं हमीपत्र द्यायला तयार आहे.

रविवारी सकाळी नऊ वाजता प्लंबर येतो आहे. आपण व सचिवांनी त्या वेळी गच्चीवर यावं. चहा आमच्याकडे.

आपली,
फ्लॅट क्र. ३०२