मंत्रीसाहेब, सामाईक माशाचा हिशोब आधी, पास नंतर

प्रति,
मा. केंद्रीय मत्स्यव्यवसाय मंत्री, भारत सरकार
प्रत: मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला बोटवाला, गिलनेटची, म्हणजे पाण्यात उभं जाळं सोडून मासा अडकवणारी बोट आहे, सुरमई, कुपा, गेदर (कुपा आणि गेदर म्हणजे टूनाच) यावरच घर चालतं. नोव्हेंबर 2025 मध्ये तुमच्या सरकारने खोल समुद्रातल्या मासेमारीचे नवीन नियम काढले, 12 सागरी मैलांच्या पुढे 200 मैलांपर्यंत जायचं तर यांत्रिक बोटींना पोर्टलवरून ऍक्सेस पास घ्यायचा, सोसायट्यांना आधी संधी, परदेशी बोटींना बंदी, रात्री एलईडी लाईट लावून मासा गोळा करणाऱ्यांना आणि बुल ट्रॉलिंगवाल्यांना (दोन बोटी मिळून एक जाळं ओढतात ते) बंदी. चांगलं आहे, मी विरोधात लिहीत नाहीये. पण सगळीकडे एकच बोललं जातंय की बाहेर भरपूर टूना आहे, आपले लोक जात नाहीत म्हणून दुसरे नेतात, आता आपण जाऊया. जाऊया, पण तो टूना एकट्या आपला नाही त्याचं काय? पिवळ्या पंखाचा जो कुपा आहे, यलोफिन, तो शास्त्रज्ञ लोक अख्ख्या हिंदी महासागरात एकच साठा धरतात, म्हणजे मालदीव, श्रीलंका, ओमान, इराण, पाकिस्तान आणि आपण, सगळे एकाच साठ्यातून काढतोय. कोकणात भावकीची सामाईक आंब्याची बाग असते तिथं काय होतं तुम्हाला कोणीही सांगेल, हिशोब कोण ठेवत नाही आणि मग दुसरा नेईल या भीतीनं प्रत्येकजण कोवळाच आंबा उतरवतो.

याच्यावर उपाय काय असू शकतो हे शोधताना मला अमेरिका-कॅनडाचं अल्बाकोरचं प्रकरण सापडलं, ते तुमच्या अधिकाऱ्यांनी नीट वाचावं म्हणून हे पत्र. अल्बाकोर म्हणजे लांब पंखांचा टूना, डब्यात पांढरं मांस म्हणून जो विकला जातो तो. आपल्यासमोर तो नाही मिळत, हिंदी महासागरात तो बहुतेक विषुववृत्ताच्या खाली असतो. पण उत्तर पॅसिफिकमध्ये त्याची पिल्लं जपानच्या बाजूने पार अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत येतात आणि उन्हाळ्यात ऑरेगन, वॉशिंग्टन आणि कॅनडाच्या समोर मिळतात. पकडतात पण छोट्या बोटींनी, मागे गळ सोडून ओढत. म्हणजे बघा, धंदा आपल्यासारखाच, कुटुंबाच्या बोटींचा.

तर 1979 मध्ये कॅनडाने आपल्या हद्दीत आलेल्या 19 अमेरिकन बोटी धरल्या. अमेरिकेचं म्हणणं होतं टूना हा फिरता मासा, त्याच्यावर कुठल्याच किनाऱ्याच्या देशाचा हक्क आम्ही मानत नाही, त्यांच्या 1976 च्या कायद्यातच तसं होतं. मग त्यांनी ऑगस्ट 1979 मध्ये कॅनडाचा टूना आयात करणंच बंद केलं, ते भांडण गॅटपर्यंत, म्हणजे देशादेशांतल्या व्यापाराचा जो करार होता तिथपर्यंत गेलं आणि तिथं 1982 मध्ये निकाल कॅनडाच्या बाजूने लागला. पण त्याच्या आधीच दोघं शहाणे झाले होते. मे 1981 मध्ये करार झाला. हद्द कोणाची हा वाद बाजूला ठेवला आणि कामाचं बोलले. तुझ्या बोटी माझ्या पाण्यात 12 मैलांच्या बाहेर अल्बाकोर पकडू शकतात, माझ्या तुझ्याकडे, ठरलेल्या बंदरांत माल उतरवता येईल, डिझेल, सामान, दुरुस्ती मिळेल, आणि दोघांनी पकडीचे आकडे एकमेकांना द्यायचे.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग. कागदावर करार अगदी बरोबरीचा होता, पण मासा काय बरोबरीनं उभा राहतो का? नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॅनडाच्या बोटी अमेरिकेच्या पाण्यात वाढत गेल्या कारण मासा तिकडेच जास्त होता, अमेरिकन बोटींना मात्र कॅनडाकडे जायचं तेवढं काही कारण नव्हतं. ऑरेगन-वॉशिंग्टनचे मच्छीमार ओरडायला लागले. मग 2002 मध्ये करार बदलून मर्यादा घातल्या. तरी कुरबुर चालूच, शेवटी 2012 मध्ये एकमेकांच्या पाण्यात जाणंच बंद झालं एक सीझन, आणि 2013 ला परत सुरू केलं ते कॅनडाच्या जास्तीत जास्त 45 बोटी असा आकडा बांधून. बोटींची यादी आधीच द्यायची, हद्दीत शिरायच्या किमान 24 तास आधी कळवायचं, बोटीवर नंबरच्या पुढे परक्या पाण्यात दिसेल असं वेगळं अक्षर रंगवायचं, आणि लॉगबुक भरायचं. ह्यात मोठं विज्ञान नाही की मोठा खर्च नाही साहेब. रंगाचा डबा आणि वही.

हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर सारखं येत होतं ते आपलंच. सिंधुदुर्गात, मालवण-देवगडच्या समोर परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर येतात, आमच्या माणसांची जाळी तोडून जातात, मग समुद्रात बाचाबाची, कधी दगडफेक, मग बंदरावर मोर्चा, मग गस्तीनौका कुठे होती म्हणून चौकशी आणि पुढच्या वर्षी परत तेच. आपला महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा पण 1981 चाच, 2021 ला सुधारणा करून दंड वाढवला. 2016 ला पर्ससीनवर (माशांच्या थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं) निर्बंध आले, 2017 ला केंद्राने एलईडी बंद केली. सगळं दंडाचं आणि बंदीचं. कर्नाटक, गोवा, गुजरात, महाराष्ट्र ह्यांनी एका टेबलावर बसून कोणाच्या किती बोटी कुठपर्यंत येणार, कुठल्या खुणेच्या, कुठे माल उतरवणार आणि आकडे कोणाला देणार असा लेखी करार करावा हे काम मात्र राहिलंय. दोन देश करू शकतात तर एकाच देशातली चार राज्यं का नाही? आणि तिथं पण तीच गोष्ट लक्षात ठेवायला लागेल, आमच्या छोट्या बोटी काय कर्नाटकात मलप्याला जाणार नाहीत, त्यामुळे "सगळ्यांना सगळीकडे मुभा" म्हटलं तर ती मुभा एकाच बाजूची होणार. आकडा बांधायलाच पाहिजे.

बंदराचा हक्क तर आपण न लिहिताच पाळतो. डिसेंबर 2017 ला ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या बोटी वाहत वाहत देवगडला लागल्या, नऊशेच्या वर माणसं होती, त्यांना जेवण, डिझेल, सगळं मिळालं. तेव्हा कोणी विचारलं नाही तू कुठल्या राज्याचा. उलट्या बाजूला बघा, आमच्या पालघरचे खलाशी गुजरातच्या बोटीवर कामाला जातात आणि पाकिस्तानच्या जेलमध्ये वर्षं काढतात, घरी पोरं मोठी होतात तोपर्यंत. पाकिस्तानशी लगेच काही होईल अशी आशा मी करत नाही, तेवढं कळतं. पण मालदीव आहे, श्रीलंका आहे, ओमान आहे. मिनीकॉय आणि मालदीवची तर भाषा सुद्धा एक, दोन्हीकडे गळ-काठीने कुपा पकडतात, तिथून सुरुवात करायला कुणाची हरकत असणार?

आता सेशेल्सचा मुद्दा. तिथं हिंदी महासागर टूना आयोग आहे, आपण त्याचे सदस्य आहोत, त्याच्या यादीत 16 जातीचे मासे आहेत. लोकांना वाटतं टूना म्हणजे डब्यातला, त्याचा आपल्याशी काय संबंध, पण त्या यादीत गेदर आहे आणि सुरमई पण आहे! 2015 ला आयोगाच्या शास्त्रज्ञांनी यलोफिन जास्त उपसला गेला असं सांगितलं, 2016 ला कपातीचा ठराव आला, पुढे 2021 च्या ठरावाला भारताने हरकत घेतली, ओमान, इराण, इंडोनेशियाने पण घेतली. मला ती हरकत पटते, मोठमोठ्या पर्ससीन जहाजांनी वर्षानुवर्षं उपसायचं आणि कपात किनाऱ्यावरच्या गरीब देशांनी सोसायची हे बरोबर नाही. पण हरकत घेऊन पुढे काय? आयोगात 2011 पासून चर्चा चाललीय की कोणत्या देशाला किती वाटा, आणि त्या वाट्याच्या गणितात जुनी पकड हा एक मोठा मुद्दा आहे. ज्याचा आकडा वहीत आहे त्याचाच मासा मोजला जाणार. आणि आमच्या जेटीवर काय चालतं? लिलावाला कुपा आणि गेदर एकाच ढिगात, बारीक असेल तर अजून तिसऱ्याच मालात मिसळून फिशमीलला. पावतीवर नुसतं "मासे". म्हणजे जो मासा आम्ही खरोखर पिढ्यानपिढ्या पकडत आलो त्याचा पुरावाच आम्ही रोज बर्फाच्या पाण्याबरोबर वाहून घालवतोय. उद्या वाटा ठरला आणि आपल्याला कमी मिळाला तर दोष कोणाला देणार?

म्हणून विनंती आहे. हर्णे, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड, मालवण, वेंगुर्ला, इथं लिलावाच्या वेळी जातवार वजन लिहिणारा माणूस बसवा, आमच्याच पोरापोरींना शिकवून बसवा, बंदरावरच्या बायका नुसत्या शेपटीवरून जात सांगतील, त्यांच्यापेक्षा चांगला सर्व्हेअर मिळणार नाही. ते आकडे दर महिन्याला मराठीत जेटीच्या बोर्डावर लागू देत, म्हणजे चुकीचं असेल तर आम्हीच ओरडू. लाँगलाईनर (लांबलचक दोरीला गळ लावून पकडणाऱ्या बोटी) आणि मदर बोटींना (छोट्या बोटींचा माल समुद्रातच घेणाऱ्या मोठ्या बोटी) पास देताना किती द्यायचे याचा आकडा आधी जाहीर करा, कशाच्या आधारावर ठरवला ते पण, आणि ज्याचं लॉगबुक आलं नाही त्याचा पास पुढच्या वर्षी नको. चार राज्यांची बैठक या पावसाळी बंदीच्या काळात, 1 जून ते 31 जुलैमध्ये घ्या, तेव्हा आम्ही सगळे घरीच असतो आणि येऊ शकतो. आणि मालदीव-श्रीलंकेशी बोलायला जे शिष्टमंडळ जाईल त्यात अधिकारी, निर्यातदार यांच्याबरोबर गिलनेटवाला आणि गळवाला एकेक तरी असू दे. अमेरिका-कॅनडाच्या बोलण्यांमध्ये बोटवाल्यांच्या संघटना होत्या, म्हणून तर 45 चा आकडा दोन्हीकडच्या लोकांनी कुरकुर करत का होईना पण चालवून घेतला.

सोसायटीतर्फे पण आम्ही ठराव करून पाठवणार आहोत. बैठकीची तारीख कळवली तर आमच्या तालुक्यातल्या बोटींची यादी, जाळ्याचा प्रकार आणि गेल्या सीझनच्या जेवढ्या पावत्या राहिल्यात तेवढ्या घेऊन मी स्वतः येतो.

आपला,
एक गिलनेट बोटवाला, रत्नागिरी जिल्हा